खोताच्या वाडीत शिरताना

(दृश्य : गिरगाव, सकाळची वर्दळ. कॅमेरा मुख्य रस्त्यावरून बोळात वळतो.)

हा जगन्नाथ शंकरशेठ मार्ग. जुन्या गिरगावकरांचा गिरगाव रोड. इथून या चिंचोळ्या बोळात वळलं, की हॉर्न मागे पडतात आणि स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येऊ लागतो. आपण खोताच्या वाडीत आलो.

वाडीला नाव मिळालं ते दादोबा वामन खोत यांचं. पाठारे प्रभू समाजातले हे गृहस्थ. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी इथल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले. ईस्ट इंडियन म्हणजे इथल्याच मातीतले, घरात मराठी बोलणारे ख्रिस्ती. खोत हा मुळात शेतसारा वसूल करणारा वतनदार. खोती 1949च्या कायद्याने गेली. वाडीच्या नावातला खोत मात्र टिकला.

(दृश्य : लाकडी घर, बाहेरचा जिना.)

हा जिना बघा. घराच्या आत नाही, दर्शनी बाजूलाच आहे. वरच्या मजल्यावर जाणाऱ्याला खालच्यांच्या ओसरीत पाऊल ठेवावं लागत नाही. लाकडी कठडा, वर उतरती कौलं. गल्ली काही दोरी लावून आखलेली नाही. एखाद्या घराची पायरी पुढे आली की ती अंग चोरते, जरा मोकळी जागा मिळाली की पुन्हा ऐसपैस होते. मला ही वाट फार आवडते, कारण ती घरांचं ऐकते.

एके काळी अशी 65 घरं होती, असं सांगतात. आता त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. एक घर पाडून तिथे इमारत उभी राहिली, की शेजारच्या ओसरीवरचं ऊनसुद्धा जातं.

आसपासची नावं नुसती मोठ्याने म्हणून पाहा. फणसवाडी. आंबेवाडी. बोरभाट. मुगभाट. भाट म्हणजे बागायत. डांबराखाली गेलेली झाडं आणि वाफे या नावांत अजून उभे आहेत. कांदेवाडीच्या रस्त्याला पुढे नाटककार-संपादक खाडिलकरांचं नाव दिलं गेलं, योग्यच झालं. तरी बोलताना तोंडी येते ती कांदेवाडीच.

(दृश्य : दादर, हिंदू कॉलनी. सरळ, झाडांच्या सावलीतला रस्ता.)

1896 साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्यांना हवा आणि उजेड मिळावा म्हणून 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याची आखणी त्याचीच. आधी नकाशा, मग रस्ते, मग घरं. इथे गल्ल्यांना नंबर आहेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली म्हटलं की नवखा माणूसही बरोबर दारात पोचतो.

(दृश्य : पुन्हा खोताची वाडी. वळणावर थांबलेला कॅमेरा.)

खोताच्या वाडीत असं जमत नाही. वळणावर थांबावं लागतं. मग वरच्या कठड्यावरून कुणीतरी वाकून विचारतं, "कुणाकडे जायचंय?"