भाकरी सुरू केली, तरी वजन का उतरत नाही?

नमस्कार मंडळी! "ताई, पोळी-भात सोडला, महिनाभर ज्वारीची भाकरीच खातेय, तरी काटा जागचा हलत नाही." हे मला इतक्या जणींनी सांगितलंय, की आज नीट बोलायलाच हवं.

आधी आकडे. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 335 कॅलरी, तेवढ्याच कच्च्या तांदळात 355. फरक किरकोळच. म्हणजे भाकरी चरबी जाळते, हे डोक्यातून काढून टाका.

मग भाकरी खायची कशाला? चोथ्यासाठी, म्हणजे फायबरसाठी. तांदूळ पॉलिश करताना कोंडा आणि अंकुर निघून जातो, फायबर उरतं जेमतेम 3 ग्रॅम. ज्वारी गिरणीत अख्खीच दळली जाते, म्हणून तिच्यात 10 ग्रॅमच्या आसपास. चोथा असला की पोट लवकर भरतं आणि भरलेलं राहतं. चार वाजता फरसाणाच्या डब्याकडे हात जात नाही. वजनावर खरा परिणाम होतो तो इथं.

(कॅमेरा परातीवर)

हे बघा, एका भाकरीचं पीठ, 60 ग्रॅम. ज्वारीत ग्लूटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला धरून ठेवणारं प्रथिन, नसतं, म्हणून कढत पाणी घालून तळहातानं चांगलं रगडायचं. पीठ जुनं असेल तर विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेलेली असते, थापताना कडा फाटतात. म्हणून थोडंथोडंच दळून आणा. आता तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. पाणी सुकलं की उलटायची, मग थेट आचेवर. फुगली बघा टम्म!

ही एक भाकरी 200 कॅलरींची. वर चमचाभर तूप, म्हणजे आणखी 45. तीन खाल्ल्या तर सातशेच्या वर गेलात. काटा अडतो तो इथं.

आणि ते 'मल्टिग्रेन' बिस्किटाचं पाकीट उलटं करून वाचा. जो घटक सर्वात जास्त, तो यादीत पहिला. तिथं मैदा लिहिलेला असेल, तर पुढच्या धान्यांच्या नावांना भुलू नका.

सवय नसेल तर एका जेवणापासून सुरुवात करा, पाणी भरपूर प्या, नाहीतर पोट फुगतं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

माझं आजचं ताट दाखवते: एक भाकरी, दोन वाट्या मेथीची भाजी, वाटीभर मुगाची आमटी आणि हा बुक्कीनं फोडलेला कांदा.