लुगड्याचे गाऊन आणि लॉकडाऊनमधलं घर

(गावातल्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं नीट करून)

नमस्कार बायांनो, आणि मागं बसलेल्या दादा लोकांनो. मी गेली बावीस वर्षं शिवणकाम करते, आपल्या वर्धा जिल्ह्यातच. कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये लोकांनी काय खाल्लं, कसे आले-गेले यावर खूप बोलणं झालं, पण घरात बसून अंगावर काय घातलं यावर कोणी बोललं नाही, आणि मला तर त्या दोन वर्षांत घराघराचं दुःख कपड्यातूनच कळलं, म्हणून आज त्यावरच बोलते.

२५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन लागला. कापडाची दुकानं बंद, धाग्याची रीळ मिळेना. सुरुवातीला मी मास्कच शिवत होते, घरातल्या जुन्या चादरींचे, तीन पदरी, कारण एका पदराचा फारसा उपयोग नाही आणि नाकावर नीट बसला नाही तर तीन पदरांचाही नाही. मग एप्रिल सरता सरता एक दिवस दिवेलागणीला मागच्या दारानं शेजारची सून आली. म्हणते, "ताई, मले काही तरी सैल शिवून द्या वं, जीव चालला माझा."

आता तिचं ऐका. एरवी घरातले माणसं सकाळी वावरात गेले की दुपारी दोन-तीन तास घर तिचं असायचं. दार लोटायचं, साडी सोडायची, गाऊन घालून फरशीवर पडायचं. लॉकडाऊनमध्ये मामाजी, म्हणजे तिचे सासरे, दिवसभर ओसरीत बाजेवर, जेठ घरात, दीर पुण्याहून परत आलेला. म्हणजे सकाळी पाचपासून रात्री दहापर्यंत साडी, परकर, फिटिंगचा ब्लाउज आणि डोक्यावर पदर, अन् त्यातच चुलीपुढे बसणं. सगळं जग म्हणत होतं की घरी बसा, आराम करा, अन् तिचा होता तो दोन तासांचा आरामही त्या घरी बसण्यानं गेला. माणसं बनियान-लुंगीवर बसून होती, त्यांना कोणी काही म्हणत नव्हतं. मला तेव्हा राग आला होता आणि आजही येतो.

कापड तर नव्हतं. मग मी माझ्या आईचं नऊवारी सुती लुगडं काढलं. पन्नास वेळा धुतलेलं, लोण्यासारखं मऊ झालेलं. नऊ वार म्हणजे आठ मीटरच्या थोडं वर, त्यात दोन गाऊन आरामात बसतात आणि बाळाची दुपटी उरतात. गाऊन असा शिवला की मामाजीसमोरही तिला लाज वाटू नये: पुढे छातीवर दोन पदरी योक, म्हणजे वेगळा कापून जोडलेला वरचा भाग, बाही कोपराच्या खाली, घेर भरपूर, बगलेत चौबगला, म्हणजे कापडाचा चौकोनी तुकडा, टाकलेला म्हणजे हात वर केला तरी ओढत नाही, आणि वरून घ्यायला त्याच लुगड्याचा दुपट्टा. तिची सासू दोन दिवस बोलली नाही, मग नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागला. आठवते ना तो नवतपा, मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपूर ४७ अंशांवर गेलं होतं. तिसऱ्या दिवशी सासूच म्हणाली, राहू दे तिच्या अंगावर. जूनपर्यंत मी असे एकतीस गाऊन शिवले, सगळे लुगड्यांचे नाहीतर जुन्या धोतरांचे. खिसा मात्र प्रत्येकीनं मागितला, कारण पोरांची शाळा मोबाईलवर आणि मोबाईल एकच, तो सांभाळायचा मायनंच.

सुतीच काहून, ते थोडं सांगते, कारण आपण घरात वापरायला सिंथेटिक साड्या घेतो, स्वस्त पडतात, लवकर वाळतात, इस्त्री लागत नाही, हे मलाही कळते. पण कापूस नुसत्या हवेतूनच आपल्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओलावा धरून ठेवतो आणि पॉलिस्टर ०.४ टक्के. म्हणजे पॉलिस्टर घाम पीतच नाही, तो अंगावरच चिकटतो, घामोळ्या येतात. सुती कापड घाम पिते आणि मग तो कापडातून उडतो, उडताना अंगाची उष्णता घेऊन जातो, आपल्या कूलरच्या ओल्या ताट्यांत होते ना तेच. म्हणून मे महिन्याच्या कोरड्या हवेत ओला दुपट्टा मानेवर ठेवला की बरं वाटते, अन् जुलैच्या दमट उकाड्यात कूलरही काम करत नाही आणि ओला दुपट्टाही नाही, तेव्हा फक्त सैल आणि पातळ. आपण कापसाच्या मुलखातले लोक, इथल्या हिंगणघाटचा बनी जातीचा कापूस इंग्रजांच्या काळात नावाजलेला होता, आणि आपल्याच सुना उन्हाळ्यात पॉलिस्टर घालून चुलीपुढे बसतात हे मला सहन होत नाही.

त्याच उन्हाळ्यात कापसाची खरेदी अडकली होती. कित्येक घरात माजघरापासून छतापर्यंत कापूस भरलेला, माणसं उरलेल्या जागेत. जुन्या कापसानं अंगाला खाज सुटते, लेकरं रात्रभर खाजवायची, रक्त निघायचं. त्यांच्यासाठी मी पातळ धोतराचे पूर्ण बाहीचे झबले आणि पायजमे शिवले, नेफ्यात इलास्टिक न घालता नाडी घातली, कारण इलास्टिकच्या वळावर खाज आणखी वाढते. पैसे कोणाचे घेतले नाहीत, कापूस विकला गेला नव्हता, पैसे असणार कुठून.

माझी स्वतःची मुलगी त्या वर्षी दहावीत होती. भूगोलाचा पेपर आधी पुढं ढकलला, मग रद्दच झाला. अभ्यास थांबला, शाळा नाही, मैत्रिणी नाहीत, पोरगी चार चार दिवस त्याच टीशर्टमध्ये पडून राहायची, रात्रीही तोच, सकाळीही तोच. मी रागावले, त्याचा उलटा परिणाम झाला. मग तिला दोन जोड शिवून दिले, एक निळा दिवसाचा, एक पांढरा रात्रीचा, आणि म्हटलं एवढंच कर, आंघोळ झाली की निळा, दिवे लागले की पांढरा. आठवडाभरात ती स्वतःहून सकाळी उठून केस विंचरायला लागली. कपड्यानंच झालं असं मी म्हणत नाही, पण सारखे दिवस एकात एक मिसळून गेले होते, तिला दिवस कुठं सुरू होतो अन् कुठं संपतो ते हाताला लागलं.

दुसरी लाट आपल्याकडे लवकर आली, अमरावतीत तर फेब्रुवारी २०२१ मध्येच लॉकडाऊन लागला. एप्रिलमध्ये घरोघरी पेशंट. रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली गेला की पालथं झोपा असं सरकारनं सांगितलं होतं, मानेखाली एक उशी, छातीपासून मांडीपर्यंत एक-दोन, नडगीखाली दोन. माझी मोठी जाऊ तशी झोपायची, आणि दोन दिवसांनी तिच्या छातीवर गाऊनच्या बटणांचे लाल वण दिसले. मी त्या रात्री गाऊन उसवला, पुढची बटणं काढली, दोन्ही खांद्यांवर नाड्या लावल्या, म्हणजे हात वर न करता घालता-काढता येतो आणि पालथं झोपलं तरी काही टोचत नाही. ती वाचली. असे नऊ गाऊन मग गावात फिरले, उकळत्या पाण्यात साबणानं धुऊन, उन्हात वाळवून, एका घरातून दुसऱ्या घरात. दोन घरातून गाऊन परत आले, माणसं आली नाहीत. ते दोन मी अजून कापले नाहीत.

मशीन मी आज सोबत आणली आहे, तिकडे खिडकीजवळ ठेवली आहे. ज्यांनी जुनं लुगडं आणलं असेल त्यांनी जेवणानंतर तिथं या, कागदावर कटिंग काढून देते, बाहीचं माप मात्र प्रत्येकीचं वेगळं घ्यावं लागेल.