तार न कापता

(सुरुवातीला नुसता पाऊस आणि वायपरचा आवाज. दहा सेकंद निवेदन नाही.)

मालवणहून कुडाळला जाताना धामापूरच्या आसपासचा हा रस्ता. जूनचा दुसरा आठवडा, सकाळचे साडेनऊ वाजलेत, पण दोन्ही बाजूची झाडं वर एकमेकांत एवढी मिळालीयेत की खाली तिन्हीसांज झाल्यासारखं वाटतंय. आता समोरून काय येतंय ते बघा. राखाडी गाडी, लाइट बंद. अगदी अंगावर आली तेव्हा कळली. आणि तिच्या मागची ही दुसरी, पुढे दोन पांढरे ठिपके, ही मात्र वळणाच्या पलीकडनंच झाडीतनं दिसायला लागली होती.

ते दोन ठिपके म्हणजे डीआरएल, डेटाइम रनिंग लाइट. इंजिन चालू आहे तोवर दिवसाही आपोआप पेटलेले दिवे. यांनी रस्ता उजळत नाही आणि उजळायचाही नसतो, समोरच्याला आपण दिसावं एवढंच यांचं काम. स्वीडनने 1977 मध्येच दिवसा दिवे लावून गाडी चालवायची सक्ती केली. युरोपात 7 फेब्रुवारी 2011 पासून नवीन मॉडेलच्या कारना हे दिवे लागतातच. आपल्याकडे 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट बंद करायचं बटणच गेलं, ते आठवत असेल सगळ्यांना. कारला मात्र तशी सक्ती नाही. नवीन गाड्यांना कंपनीकडून येतात, जुन्या गाडीवाल्याने बाजारातनं आणून बसवायचे.

ही जुनी गाडी माझ्या आतेबहिणीची. 2013 चं मॉडेल. ताई रोज याच रस्त्याने शाळेत जाते आणि पावसाळ्याचे चार महिने मला तिची काळजी वाटते, म्हणून हे दिवे.

आता हे जरा जवळून बघा. (हिरव्या तारेचा क्लोजअप, पाच सेकंद थांबा.)

ही तार माझ्या स्वतःच्या गाडीतली. तीन वर्षांपूर्वी एका दुकानात डीआरएल बसवून घेतले होते, अर्ध्या तासात काम झालं, मी खूश. त्यांनी पार्किंग लाइटच्या कंपनीच्या तारेवर ती निळी प्लास्टिकची क्लिप दाबली, आतलं पातं तारेचं प्लास्टिक चिरून तांब्याला टेकतं ती क्लिप, आणि तिथनं करंट घेतला. एक पावसाळा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात डाव्या बाजूचा पार्किंग लाइट गेला, मग कधी लागायचा कधी नाही. बल्ब दोनदा बदलला. शेवटी क्लिप उघडली तर आत हे. तांबं राहिलंच नव्हतं, हिरवी पूड, बोटाने चोळली तर हातात आली. ज्या चिरेतनं करंट बाहेर घेतला त्याच चिरेतनं खारा वारा आत गेला होता. वाईट याचं वाटलं की नवीन दिव्याची तार जळली असती तर फेकून दिली असती, ही कंपनीची होती, गाडीच्या अख्ख्या वायरिंगमधली.

म्हणून या वेळी काकांकडे आलो. तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतायत, गॅरेज समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पहिलंच वाक्य हे होतं.

(काकांचा आवाज: "झिला, तार कापलंस की खारो वारो आत गेलो.")

सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली. दहाचा पाना, दोन मिनिटांचं काम, पण बरेच जण करत नाहीत. मग स्टिअरिंगखालचा फ्यूज बॉक्स. इथे कॅमेरा घालायला जागा नव्हती, मान वाकडी करून जेवढं मिळालं तेवढं दाखवतोय. काका काय शोधतायत ते सांगतो. त्यांना दोन ठिकाणं हवी आहेत. एक, जिथे चावी फिरवल्यावरच 12 व्होल्ट येतात. आणि दुसरं, जिथे पार्किंग लाइट लावल्यावरच येतात. तपासण्यापुरती केबल परत जोडली आणि व्होल्ट मोजायच्या मल्टिमीटरची काळी सुई, म्हणजे प्रोब, बॉडीला, लाल फ्यूजच्या डोक्यावरच्या उघड्या टोकाला. चावी बंद, शून्य. चावी चालू, बारा पॉइंट चार. मिळाली पहिली जागा. एअरबॅग, एबीएस, इंजिन कंट्रोल यांच्या फ्यूजकडे काकांनी बघितलंही नाही. पिवळ्या नळीतल्या तारा एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही म्हणजे नाहीच.

आणि ही ती वस्तू, फ्यूज टॅप. मूळ फ्यूज काढायचा, त्याच्या जागी हा खोचायचा. याला दोन खाचा आहेत, एकीत गाडीचा जुना फ्यूज परत बसतो, दुसरीत आपला नवीन, आणि बाजूने एक तार बाहेर येते. झालं, करंट मिळाला, कंपनीच्या तारेला ब्लेड लागलं नाही. उद्या दिवे नको झाले तर टॅप उपटायचा, गाडी होती तशी. याला दिशा असते एवढं लक्षात ठेवा. उलटा बसला तरी दिवे लागतात म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही, पण मग आपला करंटही जुन्या फ्यूजमधनं जातो.

फ्यूज किती अँपिअरचा? हे दिवे एकेक सहा वॉटचे, दोन मिळून बारा वॉट, म्हणजे बारा व्होल्टला एक अँपिअर. काकांनी 3 चा लावला. फ्यूज असतो तारेसाठी, तार बॉडीला घासून शॉर्ट झाली तर तार पेटायच्या आत हा तुटला पाहिजे. हातात होता म्हणून 15 चा लावला, असं करणारे मी बघितलेत. बारीक तारेला 15 चा फ्यूज लावलात तर तारच फ्यूजचं काम करणार.

आता रिले. हा काळा चौकोन, करंटवर चालणारा स्विच. पाच पिनचा घ्यायचा, चार पिनचा चालणार नाही, कारण आपल्याला 87ए हवी आहे. ही मधली. काकांनी एक जुना रिले फोडून दाखवला, तो शॉट मला फार आवडलाय म्हणून पूर्ण ठेवलाय. आतली ही पत्री बघा. नेहमी ती 30 आणि 87ए ला जोडून बसलेली असते. आतल्या तारेच्या वेटोळ्याला, म्हणजे कॉइलला, करंट दिला की टक, पत्री खेचली जाते आणि 87ए सुटते. आता जोडणी सोपी आहे. चावीचा करंट 30 ला, डीआरएलची तार 87ए ला, पार्किंग लाइटचा सिग्नल 86 ला, 85 अर्थिंगला. 87 रिकामी ठेवून वरून टेप. म्हणजे चावी लावली की दिवे पेटणार, रात्री पार्किंग किंवा हेडलाइट लावला की टक, डीआरएल बंद. बंद का, तर दिवसाच्या हिशोबाचा हा उजेड अंधारात समोरच्याच्या डोळ्यात जातो. युरोपच्या नियमात एका दिव्याला 400 ते 1200 कॅंडेला (उजेडाच्या तीव्रतेचं माप) सांगितलेत, ते दिवसासाठी.

रिले डॅशबोर्डच्या आतच बांधला, पिना खाली करून. बाहेर इंजिनजवळ जागा भरपूर आहे, पण पाणी आणि खारी हवाही तिथेच भरपूर आहे. तिथून एकच तार पुढे जाते, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, म्हणजे फायरवॉलच्या, भोकात बसवलेल्या रबरी ग्रोमेटमधनं. नवीन भोक पाडलं नाही, आहे त्याच ग्रोमेटमधनं सरकवली. आणि ग्रोमेटच्या बाहेर, इंजिनच्या बाजूला तारेला हा झोल दिलाय बघा, खाली लोंबता. तारेवरनं ओघळणारं पाणी त्या झोलाच्या तळाला येऊन टपकतं, पागोळीसारखं, आत केबिनमध्ये जात नाही. वरून फ्लेक्सिबल पाइप. माडाखाली गाडी लावणाऱ्यांना उंदरांबद्दल मी वेगळं सांगत नाही.

दिवे बंपरच्या जाळीत. टेप लावून मोजलं. जमिनीपासून किमान 25 सेंटीमीटर, दोघांमध्ये किमान 60, हेही युरोपच्याच नियमातलं माप, काका तेच पाळतात. अर्थिंगला बॉडीचा बोल्ट, रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, तारेच्या टोकाला बोल्टखाली बसणारी कडी, म्हणजे रिंग लग, वरून ग्रीस. इथे दोन तारा जोडाव्या लागल्या, पण या दोन्ही आपल्याच. क्रिंप केली, म्हणजे धातूच्या नळीत घालून पकडीने दाबली, मग हीट श्रिंक, गरम केल्यावर आवळणारी नळी, आतून गोंद असलेली. गरम केल्यावर दोन्ही टोकांना हा गोंदाचा थेंब बाहेर आला का बघायचं. आला तर हवा बंद. काकांनी जॉइंट दोन्ही हातांनी ओढून बघितला, मगच पुढे.

नवीन गाडी असेल तर वॉरंटीचं आधी विचारून घ्या, निळे-लाल किंवा लुकलुकणारे लावू नका, आणि डीआरएलने मागचे दिवे लागत नाहीत, त्यामुळे पावसात हेडलाइट लावायचाच.

(चावी. दिवे. पार्किंग. "टक". परत. ताईचा चेहरा. निवेदन नाही.)

ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर कॅमेरा घेऊन परत गेलो. मला आतलं बघायचं होतं. काकांनी तोच पुढचा जॉइंट कापला, उभा चिरला, कॅमेऱ्यासमोर धरला. तांबं लाल. चार महिने पाऊस, रोज मालवण ते कुडाळ.

(काकांचा आवाज: "बघलंस? आता परत जोडूचा लागतला.")

पाच मिनिटांत नवा जॉइंट केला. गोंदाचा थेंब दोन्ही टोकांना आला.