एफएमजीईची तयारी: आधी पीएसएम उघडा

नमस्कार मंडळी. जॉर्जिया, रशिया, किर्गिझस्तानात एमबीबीएस करणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी आजचा व्हिडिओ आहे. इथे डॉक्टर म्हणून नोंदणी हवी, तर एफएमजीई, म्हणजे परदेशात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्यांसाठीची चाळणी परीक्षा, पास व्हावीच लागते. प्रश्न 300, त्यांचे 150-150चे दोन भाग, प्रत्येक भागाला 150 मिनिटं. पास व्हायला 150 मार्क.

बहुतेकजण अभ्यासाला बसले की पहिल्यांदा ॲनाटॉमी उघडतात. तिला मार्क 17. त्यात दोन-दोन महिने जातात आणि 30 मार्कांचं पीएसएम, म्हणजे लसीकरण, साथरोग असं सार्वजनिक आरोग्य, शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं. इथेच घात होतो. पीएसएम 30, गायनॅक 30, पीडियाट्रिक्स, डोळे आणि ईएनटी प्रत्येकी 15, फॉरेन्सिक 10. झाले की 115! मेडिसिन-सर्जरी हवंच, पण आधी हे पक्कं करा.

पीएसएम आधी का? कारण तुमच्या विद्यापीठात शिकवलं ते तिथलं. लसीकरणच घ्या. रशियात बीसीजी, म्हणजे क्षयरोगाची लस, जन्मानंतर तिसऱ्या दिवसापासून देतात, आपल्याकडे जन्मतःच. आता प्रश्न असा येऊ शकतो: घरी जन्मलेलं बाळ पाचव्या दिवशी आणलं, काय द्याल? बीसीजी द्यायची, ती वर्षापर्यंत चालते. ओपीव्हीचा, म्हणजे तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीचा, झिरो डोसही (जन्माच्या वेळचा) द्यायचा, 15 दिवसांपर्यंत चालतो. हेपॅटायटिस बीचा जन्मडोस मात्र नाही, त्याची मुदत 24 तास. आणखी एक: पीसीव्ही (न्यूमोकोकलची लस) आणि एफआयपीव्ही (पोलिओची इंजेक्शनची लस) दोन्ही 6 आठवडे, 14 आठवडे आणि 9 महिन्यांना. दहाव्या आठवड्याला दोन्ही नाहीत, आणि पोरं नेमकी तिथेच फसतात. तक्ता नुसता वाचू नका, कोऱ्या कागदावर न बघता लिहून काढा.

आता सराव. दर रविवारी पूर्ण पेपर द्या, दोन्ही भाग त्याच दिवशी. निम्मा पेपर देऊन उठलात तर दुसऱ्या भागात डोकं किती थकतं ते कळतच नाही. एका प्रश्नाला एकच मिनिट आहे. अडलात तर खूण करून पुढे चला. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. चार पर्यायांचे 20 प्रश्न अंदाजाने सोडवले तरी सरासरी 5 मार्क पदरात पडतात.

पेपर तपासताना प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: येतच नव्हतं, दोन पर्यायांत गोंधळ झाला, की ‘एक्सेप्ट’ (‘सोडून’) हा शब्द वाचायचा राहिला. पहिल्यासाठी पुस्तक उघडा, दुसऱ्यासाठी दोन्ही पर्याय शेजारी-शेजारी लिहून फरक काढा. तिसरी चूक असेल, तर पुढच्या पेपरात प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचा.