जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर: काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, टेबलावर ठेवलेला हा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे डायनाको स्टिरिओ 70. डेव्हिड हाफलर यांच्या कंपनीने 1959 मध्ये तो बाजारात आणला. दर चॅनेलला 35 वॉट, त्यासाठी ईएल34 जातीचे दोन-दोन व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या), आणि मधोमध जीझेड34 हा रेक्टिफायर, म्हणजे एसीची एकाच दिशेने वाहणारी डीसी वीज करणारा व्हॉल्व्ह. तो तयार मिळायचा, तसा सुट्या भागांचा संच म्हणूनही मिळायचा. त्यामुळे आज जे जुने नग हाती येतात, त्यातल्या कित्येकांचं डाखकाम कुणीतरी आपल्या घरच्या टेबलावर बसून केलेलं असतं. काही डाख आरशासारखे चकचकीत असतात, काही नुसतेच चिकटवल्यासारखे. म्हणून जुना अ‍ॅम्प विकत घेतल्यावर सर्वात आधी तो उलटा करून तासभर नुसता बघा. वीज द्यायची घाई करू नका.

ही घाई मी एकदा केलेली आहे. पहिला अ‍ॅम्प घरी आला त्याच संध्याकाळी तो सुरू केला. आवाज सुंदर होता. वीसेक मिनिटांनी खोलीतला दिवा मालवला, तेव्हा दिसलं की एका ईएल34 च्या आतला राखाडी पत्रा मधोमध लालसर झालाय. व्हॉल्व्हचा हीटर नारिंगी दिसतो, ते ठीकच आहे. पण बाहेरचा पत्रा, म्हणजे प्लेट, कधीही लाल दिसता कामा नये. मी धावत जाऊन प्लग काढला. व्हॉल्व्ह खराब असेल म्हणून दुसरा लावला, तर तोही लाल व्हायला लागला. दोष व्हॉल्व्हचा नव्हताच. दोष होता माझ्या हातातल्या या वस्तूचा. बोटाच्या पेराएवढा हा कागदी कपलिंग कॅपॅसिटर. याच्या एका टोकाला अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतात आणि दुसरं टोक ईएल34 च्या ग्रिडला, म्हणजे व्हॉल्व्हमधला करंट आवरणाऱ्या जाळीला, जातं. याने फक्त संगीताचा सिग्नल पुढे सोडायचा, डीसी अडवायचा. वर्षानुवर्षांच्या दमट हवेने आणि उष्णतेने तो आतून झिरपायला लागतो. ग्रिडवर सुमारे उणे पस्तीस व्होल्टचा बायस, म्हणजे करंटला लगाम घालणारं कायमचं व्होल्टेज, असतो; त्यात हे झिरपलेले चार-सहा व्होल्ट मिसळले की व्हॉल्व्हचा लगाम सुटतो आणि तो भरमसाट करंट ओढायला लागतो.

मला आज जे सांगायचं आहे ते या कॅपॅसिटरपासूनच सुरू होतं. जुना अ‍ॅम्प सुधारायचा म्हणजे आधी त्यातलं काय म्हातारं होतं आणि काय होत नाही, हे ओळखायचं. कॅपॅसिटर म्हातारे होतात. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर आतून सुकतात. कार्बनच्या जुन्या रेझिस्टरांचा रोध हळूहळू वर सरकतो. बायसच्या पुरवठ्यातला सेलेनियम रेक्टिफायर थकतो. पण हे मागचे तीन काळे ठोकळे पाहा, हे ट्रान्सफॉर्मर. चांगल्या पोलादाच्या पातळ पट्ट्या आणि तांब्याची वेटोळी. जाळले नाहीत तर ते तसेच राहतात. आवाजाचा बराचसा स्वभाव स्पीकरला सिग्नल देणाऱ्या या दोन आउटपुट ट्रान्सफॉर्मरांत आहे, आणि तोच भाग आज बनवायला सर्वात अवघड आहे. त्यामुळे कुणी 'सुधारणा' म्हणून मूळ ट्रान्सफॉर्मर काढून टाकतो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

आता मोठ्या कॅपॅसिटरचा मोह. मूळ पॉवर सप्लायमध्ये रेक्टिफायरनंतरचा पहिला कॅपॅसिटर 30 मायक्रोफॅरडचा आहे (मायक्रोफॅरड हे कॅपॅसिटरच्या क्षमतेचं एकक). गुणगुण कमी होईल, बेस दमदार होईल, म्हणून लोक तिथे शंभर-दोनशे मायक्रोफॅरड लावतात. जीझेड34 बनवणाऱ्यांनी मात्र या जागेसाठी 60 मायक्रोफॅरडची मर्यादा घालून दिली आहे. त्याच्या वर गेलात की सुरू होताना कॅपॅसिटर भरण्यासाठी इतका करंट ओढला जातो की व्हॉल्व्हमध्ये ठिणगी पडू शकते. क्षमता वाढवायचीच असेल तर ती पुढच्या टप्प्यांवर वाढवा. कपलिंग कॅपॅसिटरचंही तेच. जुना 0.1 चा काढून 630 व्होल्टचा नवा पॉलिप्रॉपिलीनचा लावा, पण किंमत 0.1 मायक्रोफॅरडच ठेवा. हा अ‍ॅम्प निगेटिव्ह फीडबॅकवर चालतो, म्हणजे बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून परत आत दिला जातो. कुठल्या टप्प्यावर खालचा स्वर किती मागे पडतो, याचा हिशेब मांडणी करणाऱ्याने करून ठेवलेला आहे. तो मोडलात तर स्पीकरचा कागद काहीही वाजत नसतानाही मंद हेलकावे खाताना दिसेल.

सेलेनियमच्या जागी साधा सिलिकॉन डायोड बसतो. त्याच्यावर व्होल्टेज कमी पडतं, म्हणून बायस थोडा जास्त उणे होतो आणि तो पुन्हा जुळवावा लागतो.

मग खरी सुधारणा कोणती? माझ्या मते एकच, आणि ती बायसची. मूळ मांडणीत एका चॅनेलच्या दोन्ही ईएल34 चा करंट मिळून 15.6 ओहमच्या एकाच रेझिस्टरमधून जातो. तिथे 1.56 व्होल्ट आले की दोघांचे मिळून 100 मिलिअँपियर, म्हणजे प्रत्येकी 50. नव्या कोऱ्या सेलचं व्होल्टेजही जवळपास तेवढंच असतं, त्यामुळे तो आकडा डोक्यात पक्का बसतो. पण मीटर सांगतो ती बेरीज. एक व्हॉल्व्ह 70 आणि दुसरा 30 घेत असला तरी आकडा तोच. प्लेटवर साधारण 415 व्होल्ट धरा. पन्नास मिलिअँपियरला जवळपास 21 वॉट होतात आणि ईएल34 ची मर्यादा 25 वॉट आहे. साठला आपण त्या मर्यादेवर पोहोचतो. सत्तरला 29 वॉट, म्हणजे व्हॉल्व्ह जळतोय आणि मीटर मात्र सगळं छान आहे असं दाखवतोय. शिवाय दोघांचा करंट सारखा नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं पोलाद एका बाजूने चुंबकित राहतं आणि खालचे स्वर बिघडतात.

म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हच्या कॅथोडला (ज्या टोकातून व्हॉल्व्हचा सगळा करंट जातो) दहा ओहमचा वेगळा रेझिस्टर आणि बायसची वेगळी चकती. दहा ओहमवर अर्धा व्होल्ट म्हणजे पन्नास मिलिअँपियर. एवढं केलं की सारखा करंट घेणाऱ्या म्हणून जुळवलेल्या महागड्या जोड्यांवर अवलंबून राहावं लागत नाही.

पुढच्या भागातला 7199 हा व्हॉल्व्ह आता सहज मिळत नाही. त्याच्याऐवजी 6जीएच8ए चालतो, पण त्याच्या पायांची रचना निराळी आहे. तो थेट खोचायचा नाही, अ‍ॅडॉप्टर लावायचा किंवा वायरिंग बदलायचं.

विजेबद्दल थोडं कळकळीने सांगतो. हा अ‍ॅम्प 117 व्होल्टसाठी आहे. 230 व्होल्टची वीज असेल तिथे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. 120-122 व्होल्ट येत असतील तरी हीटर आणि प्लेट दोन्हीकडचं व्होल्टेज त्या प्रमाणात वाढतं, तेव्हा मोजून घ्या. प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट साठलेले असू शकतात. ते रेझिस्टरमधून उतरवा, मीटरने खात्री करा, मगच हात घाला, आणि तोही एकच. दुसरा पाठीमागे. पहिल्यांदा वीज देताना साधा शंभर वॉटचा फिलामेंटचा दिवा मालिकेत जोडा. सगळे व्हॉल्व्ह काढून ठेवले असतील तर तो जवळजवळ विझलेलाच राहिला पाहिजे. भगभगून पेटला तर पॉवर ट्रान्सफॉर्मरमध्येच घोटाळा आहे. आणि स्पीकर जोडल्याशिवाय असा अ‍ॅम्प कधीच वाजवू नका. भार नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत इतकं व्होल्टेज उसळतं की आतलं इन्सुलेशन फुटतं. म्हणजे ज्याला पर्याय नाही तोच भाग जातो.

आवाजाविषयी विचाराल, तर माझ्या खोलीत संवेदनक्षम स्पीकरवर 35 वॉट कधी अपुरे वाटलेले नाहीत. तंबोऱ्याच्या जवारीतली ती बारीक धार आणि गाणाऱ्याचा श्वास मला यावर जितका जवळ वाटतो तितका दुसऱ्या कशावर वाटत नाही. दुरुस्तीआधी हाच तंबोरा थोडा धुरकट यायचा. मी तो 'व्हॉल्व्हचा उबदारपणा' समजत होतो. तो झिरपणारा कॅपॅसिटर होता.

खालच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवलाय. दर सहा महिन्यांनी चारही कॅथोडचे आकडे तारखेसकट त्यावर लिहितो. शेवटची नोंद या आठवड्यातली आहे: 0.50, 0.49, 0.50, 0.46. चौथा व्हॉल्व्ह आता उतरणीला लागलाय. त्याचा बदली नग आणून ठेवलाय. कुणाला तो बसवून बायस जुळवताना बघायचं असेल, तर इथे पुढे या. मीटर लावलेलाच आहे.