हात फिरवला की चेंडू सुटतो

(दृश्य: टोकियोतलं भव्य सभागृह. रंगमंचावर सूट घातलेला एक माणूस, हातात पांढरी लांबट वस्तू.)

सप्टेंबर 2005, टोकियो गेम शो. निन्टेन्डो कंपनीचे अध्यक्ष सातोरु इवाता आपल्या आगामी गेम कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राचा, कंट्रोलर लोकांसमोर धरतात. दिसायला तो टीव्हीच्या रिमोटसारखा आहे आणि एका हातात सहज मावतो. मग एक छोटी फिल्म सुरू होते. गेम कसा दिसतो ते त्या फिल्ममध्ये कुठेच नाही. कॅमेरा टीव्हीच्या जागी ठेवलाय आणि समोर दिसतात ती फक्त खेळणारी माणसं, तरुणही आणि वयस्कही. कुणी गळ टाकून मासा ओढतंय, कुणी भाजी चिरतंय, कुणी तलवार फिरवतंय, कुणी वाद्यवृंदाला ताल देतंय. हातात मात्र प्रत्येकाच्या तोच पांढरा रिमोट.

पुढच्या वर्षी, 19 नोव्हेंबर 2006 ला, तो कन्सोल अमेरिकेत विक्रीला आला. नाव होतं ‘वी’.

त्या काळात गेमच्या धंद्यातली चुरस चित्रासाठी होती. सोनीचा प्लेस्टेशन 3 आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स 360 हे दोन्ही हाय डेफिनिशन चित्र देत होते. प्लेस्टेशन 3 ची अमेरिकेतली किंमत 499 डॉलरपासून पुढे होती. वी साधारण 250 डॉलरला मिळायचा आणि त्याचं चित्र हाय डेफिनिशन नव्हतंच. कागदावर मांडलं तर ही बरोबरी होऊच शकत नव्हती. तरी वीचे 10 कोटी 16 लाखांहून जास्त नग खपले. त्या पिढीतल्या तिन्ही कन्सोलमध्ये सगळ्यात जास्त.

(दृश्य: जुन्या पद्धतीचा कंट्रोलर, जवळून. अंगठे बटणांवर भराभर फिरतायत.)

वी इतका का खपला, याचं उत्तर या जुन्या कंट्रोलरमध्ये दडलंय. दोन दांडे, दिशांची चार बटणं, समोर आणखी चार, वर खांद्यापाशी चार. लहानपणापासून खेळणाऱ्याची बोटं यावर आपोआप पळतात. पण ज्याच्या हातात हे पहिल्यांदा येतं, त्याचे डोळे पडद्यावर राहतच नाहीत. तो खाली बघतो, बटण शोधतो, आणि तोवर पडद्यावरचा त्याचा गडी बाद झालेला असतो. दोन-तीनदा असं झालं की तो कंट्रोलर मुलाच्या हातात परत देतो. म्हणतो, तूच खेळ बाबा, मी बघतो.

इवातांना चिंता होती ती नेमकी या माणसाची. जपानमध्ये गेम खेळणाऱ्यांची संख्याच रोडावत चालली होती. असलेल्या गिऱ्हाइकासाठी आणखी चकचकीत चित्र बनवत बसण्यापेक्षा, ज्यांनी कधी कंट्रोलर हातात धरलाच नाही त्यांना बोलवावं, असं त्यांचं म्हणणं होतं. टीव्हीचा रिमोट घरातल्या कुणालाच परका वाटत नाही, म्हणून कंट्रोलरलाही ‘रिमोट’च म्हणायचं असा त्यांचा आग्रह होता. कन्सोल टीव्हीपाशी ठेवला तरी घरातल्या आईच्या कपाळाला आठी पडू नये, इतका तो छोटा आणि शांत असावा, हाही विचार झाला होता.

(दृश्य: उघडलेला रिमोट. हिरवा सर्किट बोर्ड, त्यावर नखाएवढी चिप.)

हाताची हालचाल ओळखणारी ही चिप. तिला ॲक्सेलरोमीटर म्हणतात. आत सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा बारीक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. एसटीने अचानक ब्रेक मारला की उभे प्रवासी जसे पुढे झुकतात, तसा रिमोट हलला की तो तुकडा किंचित सरकतो. किती सरकला ते विजेच्या मापाने कळतं. वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे अशा तिन्ही दिशांनी ही मोजणी सतत चालू असते आणि ब्लूटूथवरून कन्सोलकडे जाते.

ही काही प्रयोगशाळेतून नुकती बाहेर आलेली गोष्ट नव्हती. अशा चिपा कितीतरी वर्षं मोटारींमध्ये होत्या. गाडी धडकली हे ओळखून एअरबॅग उघडायचं काम त्या करत. खप वाढला तशा त्या स्वस्त झाल्या होत्या. निन्टेन्डोमध्ये गुनपेई योकोई नावाचे अभियंते होऊन गेले, हातात धरून खेळायच्या ‘गेम बॉय’चे जनक. जुनं, पक्कं झालेलं, स्वस्त तंत्रज्ञान उचलायचं आणि कुणाच्या डोक्यात आलं नसेल अशा जागी बसवायचं, ही त्यांची शिकवण. 1997 मध्ये ते गेले. वीचा रिमोट त्यांच्याच वाटेवरचा आहे.

आणखी एक गंमत सांगायला हवी. वीसोबत टीव्हीवर ठेवायला एक काळी पट्टी मिळायची, ‘सेन्सर बार’ नावाची. तिच्यात सेन्सर नाहीच. दोन टोकांना इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे दिवे आहेत, एवढंच. बघायचं काम रिमोटच्या तोंडावरचा छोटा कॅमेरा करतो, आणि त्या दिव्यांवरून रिमोट पडद्यावर कुठे रोखलाय ते ठरतं. पट्टी बिघडली तेव्हा लोकांनी टीव्हीपुढे दोन मेणबत्त्या लावल्या, आणि खेळ चालू राहिला!

(दृश्य: घरातला हॉल. सोफा मागे सरकवलेला. पडद्यावर बोलिंगची लाकडी गल्ली.)

आता प्रत्यक्ष खेळ. जपान सोडून बहुतेक देशांत कन्सोलच्या खोक्यातच ‘वी स्पोर्ट्स’ यायचा. टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग असे पाच खेळ. त्यातलं बोलिंग नीट बघा.

रिमोटच्या पोटाशी एक बटण आहे, बंदुकीच्या चापासारखं तर्जनीखाली येणारं. ते दाबून धरायचं. हात मागे न्यायचा, पुढे आणायचा आणि योग्य क्षणी बोट उचलायचं. चेंडू सुटतो. मनगट वळवलं असेल तर चेंडूही वळतो. खऱ्या बोलिंगमध्ये बोटं चेंडूच्या भोकांतून जेव्हा निघतात, बरोबर तेव्हाच इथे बटण सुटतं. म्हणून ही क्रिया शिकवावी लागत नाही, एकदा करून दाखवली की पुरे. आणि हात मागे असतानाच बोट उचललं गेलं तर? चेंडू उलटा मागच्या प्रेक्षकांकडे जातो आणि ती सगळी कार्टूनची माणसं दचकून उडी मारतात. ज्याने हा प्रसंग गेममध्ये घातला त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो. नवख्या माणसाची पहिली चूक काय असणार हे त्याने आधीच ओळखलं होतं, आणि त्या चुकीवर सगळं घर एकत्र हसेल अशी सोय केली.

टेनिसमध्ये तर याहून मोठा निर्णय घेतला होता. पडद्यावरचा खेळाडू चेंडूपाशी स्वतःच धावत जातो. आपण फक्त रॅकेट फिरवायची, तीही वेळेवर. ‘अर्धा खेळ तर मशीनच खेळतंय’ अशी तक्रार जाणते खेळाडू करायचे. मला वाटतं, वीचं सगळं यश या एका निर्णयात आहे. पायांचं काम काढून घेतल्यामुळे आठ वर्षांची नात आणि सत्तरीचे आजोबा एका पातळीवर आले. आजोबा मुद्दाम हरत नव्हते, नातही त्यांना सवलत देत नव्हती. दोघंही खरोखर खेळत होते, आणि कधी हा जिंकायचा, कधी ती.

(दृश्य: अमेरिकेतला वृद्धनिवास. चाकाच्या खुर्चीतल्या आजी रिमोट मागे नेतायत.)

अमेरिकेतल्या वृद्धनिवासांमध्ये बोलिंग पोचलं ते याचमुळे. तरुणपणी आठवड्याला बोलिंग खेळणारी ही पिढी. बोलिंगचा खरा चेंडू सात किलोपर्यंत भरतो. गुडघे गेले, खांदा धरला, की खेळ सुटतो. रिमोट भरतो सेलसकट जेमतेम दीडशे ग्रॅम. खुर्चीत बसूनही पडद्यावरचा चेंडू टाकता येतो, आणि हाताला जुनी लय आठवत असते. तिथे संघ बनले, टी-शर्ट छापले गेले, वृद्धनिवासांच्या आपसात स्पर्धा झाल्या.

भारतात वी फारसा पोचला नाही. आपल्याकडच्या बऱ्याच आईबाबांनी तो पहिल्यांदा पाहिला तो मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेत राहायला गेल्यावर. नातवंडांची भाषा इंग्रजी, आजीची मराठी. बोलिंगला दोन्ही लागत नाहीत.

मग व्यायामाचं काय? 2007 मध्ये वी फिट आला. निन्टेन्डोचे गेम बनवणारे शिगेरू मियामोतो घरी रोज वजन करून त्याचा आलेख ठेवायचे, त्यातून ही कल्पना निघाली. पायाखाली ठेवायचा एक पाट, त्यात दाब मोजणारे चार सेन्सर, आणि पडद्यावर तुमचा तोल कुठे झुकलाय ते दाखवणारा ठिपका. या गेमच्या 2 कोटींहून जास्त प्रती गेल्या. पण मोजमाप करणाऱ्यांनी काय पाहिलं तेही ऐका. लिव्हरपूलच्या संशोधकांनी 2007 मध्ये किशोरवयीन मुलांवर चाचणी घेतली. बसून खेळायच्या गेमपेक्षा वी स्पोर्ट्समध्ये शक्ती नक्की जास्त खर्च होते, पण मैदानावर तोच खेळ खेळण्याइतकी होत नाही. पक्षाघाताच्या रुग्णांसाठीही वी वापरून बघितला. टोरोंटोतल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत 141 रुग्ण होते. वी खेळणाऱ्यांचे हात सुधारले. पत्ते, बिंगो, चेंडू असे साधे खेळ खेळणाऱ्यांचेही तेवढेच सुधारले. म्हणजे वी औषध नव्हे. पण ज्याला तोच हात कंटाळा न येता पुन्हा पुन्हा हलवायचा आहे, त्याच्यासाठी तो चांगला सोबती आहे.

दुखापती झाल्या, हेही खरं. एका स्पॅनिश डॉक्टरने स्वतःचा खांदा टेनिस खेळून धरल्याचं वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. आणि जोरात हात फिरवताना घामट हातातून रिमोट सुटून टीव्हीवर आदळायचे. मनगटाची दोरी बारीक पडत होती. डिसेंबर 2006 मध्ये निन्टेन्डोने सुमारे 32 लाख दोऱ्या बदलून द्यायची तयारी दाखवली.

(दृश्य: टीव्हीखाली काळा लांबट कॅमेरा. समोर मोकळ्या हातांनी नाचणारी मुलं.)

नोव्हेंबर 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टने पुढची उडी घेतली. किनेक्ट. हातात काहीच नको, कॅमेराच इन्फ्रारेडच्या मदतीने आख्खं शरीर ओळखेल. पहिल्या साठ दिवसांत 80 लाख नग गेले. नाचाच्या गेमला तो अप्रतिम होता. पण रॅकेट, बॅट, चेंडू यांना हातात काहीतरी लागतं. मूठ रिकामी असली की फटका लागल्याचं हाताला कळत नाही. रिमोट थरथरायचा, त्याच्या छोट्या स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज यायचा, आणि चेंडू रॅकेटवर बसला हे पटायचं. शिवाय किनेक्टला समोर ऐसपैस मोकळी जागा लागायची, जी मुंबईच्या वन रूम किचनमध्ये कुठून आणणार? 2017 मध्ये त्याचं उत्पादन थांबलं.

रिमोटचा वंश मात्र टिकला. वीसाठी नाचाचा नवा गेम थेट 2019 च्या अखेरीपर्यंत निघत होता, कन्सोल येऊन तेरा वर्षं झाल्यावरही. आणि 2022 मध्ये निन्टेन्डोच्या ‘स्विच’ या कन्सोलवर तेच बोलिंग, तेच टेनिस नव्याने आलं, सोबत बॅडमिंटनही.

(दृश्य: हॉलमध्ये टेबल बाजूला सरकवलं जातंय.)

तुमच्या घरी असा कन्सोल असेल आणि घरात कधीच न खेळलेलं कुणी असेल, तर सुरुवात बॉक्सिंगने करू नका, पहिल्या फेरीतच दम लागतो. बोलिंग लावा. मधलं टेबल भिंतीला लावा, दोरी मनगटात नीट अडकवा. पहिला डाव आजीला द्या, आणि ती चेंडू टाकत असताना मागून सूचना देऊ नका.