तासगावला मत, सांगलीला नेमणूक? संविधान सभेतली 93 जागांची तडजोड

नमस्कार मंडळी. मी आत्ता सांगलीत, गणपती मंदिराबाहेर उभा आहे. इथून एसटीनं तासगाव पाऊण-एक तासाच्या अंतरावर. पण 1946 साली ही दोन गावं दोन वेगळ्या राजवटींत होती. तासगाव ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात आणि सांगली पटवर्धनांच्या संस्थानात.

लढा मात्र एकच होता. 3 सप्टेंबर 1942 ला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला, तिथं तिरंगा लागला. 24 जुलै 1943 ला वसंतदादा आणि त्यांचे सोबती इथला तुरुंग फोडून बाहेर पडले. आणि देशाची घटना लिहायची वेळ आली, तेव्हा या लोकांना मोजायची पद्धत हद्दीनुसार बदलली.

कशी, ते बघा. मे 1946 मध्ये कॅबिनेट मिशननं, म्हणजे सत्तांतराची बोलणी करायला आलेल्या ब्रिटिश मंत्र्यांच्या शिष्टमंडळानं, ठरवलं की संविधान सभेत 389 जागा असतील. साधारण दहा लाख लोकांमागे एक. मुंबई प्रांताला 21 जागा. तासगावचा मतदार आमदार निवडणार आणि ते आमदार संविधान सभेचे सदस्य निवडणार. आता हा मतदार म्हणजे सगळं गाव नव्हे बरं का! जमीन, कर, शिक्षण अशा अटींत बसणाराच. शेतमजूर बहुतेक बाहेरच. पण निदान एक धागा तरी होता.

सांगलीकरांचं काय? सगळ्या संस्थानांना मिळून जास्तीत जास्त 93 जागा. सांगलीची लोकसंख्या दहा लाखांच्या जवळपासही नव्हती, म्हणजे स्वतःची अशी जागा नाहीच. मिरज, जत, औंध, फलटण, सगळ्यांची तीच गत. लहान संस्थानांचे गट करायचे. आणि त्या जागांवर माणसं कोण पाठवणार, हे मिशननं वाटाघाटींवर सोडून दिलं.

खरा पेच इथं होता. राजेमंडळींचं म्हणणं, प्रतिनिधी आम्ही नेमणार. काँग्रेसचं आणि प्रजा परिषदेचं, म्हणजे संस्थानी प्रजेच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं म्हणणं, संस्थानातली माणसंही माणसंच आहेत, त्यांचे प्रतिनिधी निवडूनच आले पाहिजेत. 9 डिसेंबर 1946 ला सभा भरली, तेव्हा संस्थानांच्या जागा रिकाम्या होत्या. मुस्लिम लीगचाही बहिष्कार. म्हणजे अर्ध्या घराशिवाय घराची आखणी चालली होती.

मग 1947 च्या सुरुवातीला दोन्ही बाजूंच्या समित्या बसल्या आणि तोड निघाली: संस्थानांचे किमान निम्मे प्रतिनिधी निवडून आलेले हवेत. उरलेले राजांनी नेमले तरी चालतील. 28 एप्रिल 1947 ला बडोदा, बिकानेर, पतियाळा, कोचीन अशा संस्थानांचे प्रतिनिधी सभेत येऊन बसले.

मला हा सौदा मनापासून खटकतो. ज्या प्रजेनं राजाविरुद्ध सत्याग्रह केले, तिच्या नावावर राजाचा माणूस बसला. तरीही तो करायला हवा होता, असंच माझं मत आहे. अडून बसले असते तर संस्थानं बाहेर राहिली असती आणि इंग्रज जायची वेळ जवळ येत होती. शिवाय त्यातला ‘किमान’ हा शब्द फार कामाचा. निम्म्याच्या खाली जायचं नाही, वर जायला मोकळीक. राजांना सभेत जागा मिळाली, पण नेमणुकीचा पूर्ण हक्क तिथंच संपला.

फाळणीनंतर सभा 299 वर आली, त्यात संस्थानांच्या 70 जागा. 8 मार्च 1948 ला सांगली मुंबई प्रांतात विलीन झाली. घटनेत कलम 326 आलं: प्रत्येक प्रौढाला मत. हद्दीपेक्षा माणसं मोजायची, हा विचार राज्यसभेतही दिसतो: तिथं अमेरिकेच्या सिनेटसारख्या प्रत्येक राज्याला समान जागा दिल्या नाहीत. आपल्या महाराष्ट्राला 19, सिक्कीमला 1.

पुढचा व्हिडिओ औंधवर. तिथल्या राजानं 1939 सालीच प्रजेला कारभार सोपवला होता. तुमच्या घरी प्रजा परिषदेची पत्रकं, सभेची कागदं, जुने फोटो असतील तर कमेंटमध्ये कळवा, मी येऊन बघतो.